कॅश व्हॅनवर गनमॅन म्हणून लागताय? गाडीत बंदूक नेण्याचे कायदे, पायरीपायरीने

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हा: लायसन्स काढ, बारा बोअरची बंदूक घे, पुण्या-मुंबईत कॅश व्हॅनवर चांगली नोकरी आहे. सल्ला वाईट नाही. मी स्वतः याच वाटेने आलो आणि आज नव्या गनमॅनना ड्युटी समजावून सांगणे हेच माझे काम आहे. पण बंदूक चालवायला वर्षानुवर्षे शिकलेला माणूससुद्धा नागरी कायद्यात नवखाच असतो. फौजेत शस्त्र सरकारचे, जबाबदारी युनिटची. इथे परवाना तुमच्या नावाचा आणि गुन्हा दाखल झाला तर तोही तुमच्या नावाने.

सगळ्या गोंधळाचे मूळ मला एकच दिसते. लोक समजतात की व्हॅन बँकेच्या कामाची आहे, एजन्सी नोंदणीकृत आहे, अंगावर युनिफॉर्म आहे, म्हणजे गाडीतली बंदूक आपोआप कायदेशीर. तसे नाही. शस्त्र परवाना माणसाला मिळतो, गाडीला मिळत नाही. हे लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा. ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या चालक-मालकांसाठीही शेवटाकडे लिहिले आहे.

१. आधी बंदूक कोणाच्या नावावर आहे ते ठरवा

दोन प्रकार असतात. पहिला म्हणजे तुमचे स्वतःचे लायसन्स, तुमची स्वतःची बंदूक. दुसरा म्हणजे बँकेच्या किंवा कंपनीच्या नावावरची बंदूक, आणि ती बाळगण्यासाठी परवान्यावर नोंदलेला माणूस. याला रिटेनर म्हणतात. रिटेनर म्हणून तुमचे नाव परवान्यावर चढलेले नसेल, तर मॅनेजर कितीही म्हणाला की ‘आजच्या दिवस घेऊन जा, तो गनमॅन सुट्टीवर आहे’, तरी त्या बंदुकीला हात लावू नका. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवणे किंवा घेऊन फिरणे हाच गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या बोअरच्या (नळीच्या मापाच्या) बंदुकीसाठीही कलम २५ खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. सुट्टीवरच्या माणसाची जागा भरण्यासाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

कलम ३ मध्येच एक सवलत आहे आणि तिचा फार चुकीचा अर्थ लावला जातो. परवानाधारकासमोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो. पण ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी, किंवा परवानाधारकानेच वापरावी म्हणून. ‘माझ्या भावाला चिठ्ठी दिली आहे, आठवडाभर तो माझ्या जागी ड्युटी करेल’ हे त्यात बसत नाही.

२. परवाना उघडा आणि ओळ-ओळ वाचा

हे काम टेबलावर बसून, चांगल्या उजेडात करा. बहुतेकांनी आपला परवाना पूर्ण वाचलेलाच नसतो.

पहिले बघा यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय डेटाबेसमधला तुमचा क्रमांक. जुन्या पुस्तकी लायसन्सवर हा क्रमांक नसेल तर ते वैध धरले जात नाही, तारीख शिल्लक असली तरी.

मग मुदत. पूर्वी परवाना तीन वर्षांसाठी असायचा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी. नूतनीकरणाचा अर्ज चांगला दोन-तीन महिने आधी करा, कारण पोलीस ठाण्याचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि मुदत संपलेल्या दिवसापासून तुम्ही बिनपरवाना ठरता.

मग क्षेत्र. परवाना कुठवर चालतो हे त्यावर लिहिलेले असते: जिल्ह्यापुरता, महाराष्ट्रभर, की संपूर्ण भारतात. साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यापुरता दिलेला परवाना खंबाटकी घाट उतरून पुणे जिल्ह्यात गेलात की चालत नाही. नोकरी पुण्यात असेल तर क्षेत्र वाढवून घेतल्याशिवाय रुजू होऊ नका. त्यासाठी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडेच अर्ज करायचा. ग्रामीण भागात ते जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तालयाची परवाना शाखा. सोबत नोकरीचे पत्र आणि ड्युटीचे जिल्हे लिहिलेले एजन्सीचे पत्र जोडा.

मग उद्देश. बऱ्याच परवान्यांवर ‘आत्मसंरक्षणासाठी’ एवढेच असते. आत्मसंरक्षणाचा परवाना घेऊन पगारावर दुसऱ्याच्या पैशांची राखण करता येते का, यावर पोलीस बोट ठेवतात. वाद घालण्यापेक्षा अर्ज करून सुरक्षा रक्षकाच्या नोकरीचा उल्लेख परवान्यावर करून घ्या. कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी मागा. परवान्याच्या अटीचा भंग झाला तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे परवानाच निलंबित किंवा रद्द होणे. परवाना गेला की नोकरी गेली.

शेवटी बंदुकीचा नंबर. बंदूक खोला, टॉर्च मारा, नळीवरचा नंबर स्वतः वाचा आणि परवान्यावरच्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. जुन्या बंदुकीवर तेल आणि गंज बसून ८ चा ३ दिसतो, कारकुनाने लिहिताना ६ चा ० केलेला असतो. ही चूक नाक्यावर सापडली तर तुमच्या हातात भलतीच बंदूक आहे असाच अर्थ निघतो. चूक आढळली तर डीलरची खरेदी पावती घेऊन जा आणि नोंद दुरुस्त करून घ्या. काडतुसांचेही तसेच. एका वेळी किती बाळगता येतील हे परवान्यावर असते, आणि प्रत्येक खरेदीची नोंद त्यावर झाली पाहिजे.

३. गाव सोडून शहरात राहायला आलात की तीस दिवसांत कळवा

ही अट माहीत नसलेले गनमॅन मला सर्वात जास्त भेटतात. राहण्याचे ठिकाण कायमचे बदलले, किंवा तात्पुरते पण तीस दिवसांहून जास्त काळासाठी बदलले आणि शस्त्र सोबत नेले, तर नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत कळवावे लागते. परवान्यावर पत्ता कोरेगावचा, बंदूक हडपसरच्या भाड्याच्या खोलीत आणि आयुक्तालयाला पत्ताच नाही, अशी अवस्था ठेवू नका. अर्जाची पोच घ्या आणि फाईलला लावा. भाडेकरार हवा. खोली चार-पाच जणांत असेल तर बंदूक ठेवायला कुलपाची लोखंडी पेटी हवीच, आणि किल्ली फक्त तुमच्याकडे.

फौजेत असताना दुसऱ्या राज्यात काढलेले लायसन्स असेल तर ते निवृत्तीनंतर आपल्या जिल्ह्यात नोंदवून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद कसे लावायचे ते सांगतात.

४. एजन्सीची चौकशी करा

एजन्सी तुमची चौकशी करते, तशी तुम्हीही एजन्सीची करा. खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा, २००५ प्रमाणे प्रत्येक एजन्सीला राज्याचा परवाना लागतो. बोलीभाषेत याला पसारा लायसन्स म्हणतात. कार्यालयात ते भिंतीवर असते, मुदत बघून घ्या. याच कायद्यात रक्षकाचे वय १८ ते ६५, प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणी बंधनकारक आहे. बंदुकीच्या परवान्यासाठी मात्र किमान वय २१ आहे, त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या हातात बंदूक दिसली की समजून जा. माजी सैनिकांना भरतीत प्राधान्य देता येते आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचा काळही कमी आहे.

मोठी फसवणूक होते ती परवान्याच्याच नावाखाली. ‘कागद आम्ही करून देतो, तुम्ही फक्त पैसे द्या, परराज्यातले लायसन्स आठवड्यात हातात’ असे सांगणारे दलाल भेटतात. २०२४ च्या नोव्हेंबरात अहिल्यानगर भागात बनावट परवान्यांवर बंदूक घेऊन रक्षकाचे काम करणाऱ्यांना पोलिसांनी पकडले, त्यात लष्करी गुप्तचर विभागाचीही मदत होती. शस्त्र परवाना स्थानिक पोलीस ठाण्याच्या चौकशीशिवाय निघत नाही. तुमच्या ठाण्याचा हवालदार घरी येऊन गेला नसेल आणि लायसन्स हातात आले असेल, तर ते खोटे आहे असे धरून चाला आणि त्यावर बंदूक विकत घेऊ नका.

५. रोज सोबत ठेवायची फाईल

प्लॅस्टिकची बंद होणारी फाईल घ्या. तिच्यात:

– शस्त्र परवाना, मूळ प्रत. नाक्यावर झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो दाखवून भागत नाही.
– बंदुकीची आणि काडतुसांची खरेदी पावती
– एजन्सीचे फोटो असलेले ओळखपत्र
– नेमणूक पत्र आणि त्या दिवसाची ड्युटी स्लिप, गाडी नंबर व मार्गासह
– आधार, आणि असेल तर माजी सैनिक ओळखपत्र
– प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र
– पत्ता बदलाच्या अर्जाची पोच
– निवडणूक किंवा बंदी आदेशाच्या काळात मिळालेले सवलतीचे पत्र

परवान्याची एक साक्षांकित प्रत घरी वेगळी ठेवा.

६. घरापासून ड्युटीपर्यंत: एसटी, लोकल, ट्रॅव्हल्स

गनमॅनची बंदूक सर्वात जास्त वेळ कॅश व्हॅनमध्ये असते, पण अडचणीत तो येतो ते बहुधा घरून येता-जाता, कारण तिथे सोबत एजन्सीचे कोणी नसते.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी लांब बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली असली पाहिजे. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पाऊचमध्ये. आणि ती तुमच्या ताब्यात पाहिजे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलेली, एसटीच्या टपावर बांधलेली, शेअर रिक्षाच्या मागच्या फळीवर ठेवलेली बंदूक तुमच्या ताब्यात नसते. कव्हर नसेल तर गोणपाटात गुंडाळून नेऊ नका, संशय वाढतो. कॅनव्हासचे कव्हर कुठल्याही गन डीलरकडे मिळते.

बंदूक रिकामी, काडतुसे वेगळ्या पाऊचमध्ये. निघण्यापूर्वी बंदूक खोलून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचे. फौजेत हे अंगवळणी पडलेले असते, तीच सवय कायम ठेवा.

शस्त्र कायद्याच्या कलम २० बद्दल फार थोड्यांना माहीत असते. बंदूक परवान्याची असली तरी ती अशा रीतीने नेली जात असेल की गैरकृत्याचा वाजवी संशय यावा, तर पोलीसच काय, त्या वाहनावर काम करणारा कर्मचारीसुद्धा तुम्हाला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. म्हणजे एसटीच्या कंडक्टरलाही तो अधिकार आहे. त्यामुळे कंडक्टरने विचारले की हे काय आहे, तर शांतपणे परवाना दाखवा. ‘तुझा काय संबंध’ म्हणू नका. संबंध आहे.

७. व्हॅनमध्ये कोण कुठे बसतो आणि बंदूक कुठे राहते

कॅश वाहतुकीसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१८ साली वेगळे नियम काढले. त्यानुसार गाडीवर एक ड्रायव्हर, दोन सशस्त्र रक्षक आणि दोन कस्टोडियन, म्हणजे रोकड हाताळणारे कर्मचारी, असे पाच जण हवेत. एक गनमॅन पुढे ड्रायव्हरशेजारी, दुसरा मागच्या भागात. प्रवासी कप्पा आणि रोकडीचा कप्पा वेगळा. एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रक्कम न्यायची नाही. एटीएममध्ये रोकड भरायची वेळ शहरी भागात रात्री नऊपर्यंत, ग्रामीण भागात संध्याकाळी सहापर्यंत, नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दुपारी चारपर्यंत. गडचिरोलीकडे ड्युटी लागली तर हे शेवटचे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०१८ मध्ये बँकांना सांगून ठेवले आहे की गनमॅनचा परवाना चालू असावा आणि बंदूक चालण्याच्या स्थितीत असावी. गंजलेली, घोडा न पडणारी बंदूक फक्त दाखवायला खांद्याला लावून फिरणे म्हणजे स्वतःचा आणि सोबतच्या चौघांचा जीव टांगणीला लावणे.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट: चहा. नियमात स्पष्ट आहे की रोकड चढवता-उतरवताना, जेवताना, चहाला, लघवीला थांबल्यावर किमान एक सशस्त्र रक्षक गाडीजवळ हजर राहिलाच पाहिजे. म्हणजे दोघे गनमॅन आळीपाळीने उतरायचे. प्रत्यक्षात काय होते? घाटातल्या टपरीवर गाडी थांबते. पुढचा गनमॅन उतरतो. दुनळी सीटला टेकवून ठेवतो, नळी दाराकडे, दस्ता ड्रायव्हरच्या पायाशी, आणि म्हणतो, ‘बघ रे जरा, आलोच.’ ड्रायव्हर मान हलवतो. त्या पाच मिनिटांत बंदूक परवानाधारकाच्या ताब्यात नाही. ती अशा माणसाच्या ताब्यात आहे, ज्याच्याकडे परवाना नाही. त्याच वेळी पोलिसांची गाडी आली तर ड्रायव्हरवर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा लागू शकतो. आणि परवाना नसलेल्याच्या हाती शस्त्र देणे हा कलम २९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तो तुमच्यावर.

ड्रायव्हर आणि कस्टोडियन यांनी कलम ३५ समजून घ्यावे. गाडी अनेकांच्या ताब्यात असेल आणि तिच्यात गुन्ह्याशी संबंधित शस्त्र सापडले, तर ते तिथे आहे हे ज्याला माहीत होते असे मानायला जागा आहे, असा प्रत्येक जण तो गुन्हा त्यानेच केल्याप्रमाणे जबाबदार धरला जातो. माहीत नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. म्हणून सोबतच्या गनमॅनचा परवाना चालू आहे का, हे विचारणे हा आगाऊपणा नाही, तो तुमचा हक्क आहे. आमच्याकडे ड्युटी सुरू होण्यापूर्वी दोन्ही गनमॅनचे परवाने सगळ्यांसमोर उघडून मुदत वाचायची पद्धत मी ठेवली आहे. दोन मिनिटे लागतात.

दारूबद्दल एकच सांगतो. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर त्या दिवशी रजा टाका.

८. नाकाबंदीत गाडी अडवली तर

शस्त्र कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कुठलाही पोलीस अधिकारी शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. कलम २३ प्रमाणे गाडी थांबवून झडतीही घेऊ शकतो. त्यामुळे थांबायचेच. पण कॅश व्हॅनच्या बाबतीत अडवणारे पोलीस खरे आहेत का ही शंका रास्त असते, कारण पोलिसांचा वेश करून लुटण्याचा धोका असतो. मी सांगतो तो क्रम असा:

ड्रायव्हरने गाडी उजेडात, शक्यतो बॅरिकेडजवळ किंवा टोलनाक्यावर थांबवायची, इंजिन चालू ठेवायचे. पुढच्या गनमॅनने कंट्रोल रूमला ठिकाण कळवायचे. काच थोडी खाली करून ओळखपत्र आणि परवाना दाखवायचा. बंदूक हातात उचलायची नाही, तिच्यावर हातही ठेवायचा नाही. ‘साहेब, बंदूक इथे आहे, माझ्या नावाची आहे’ असे तोंडाने सांगायचे. रोकडीचा कप्पा रस्त्यावर उघडायचा नाही. झडतीचा आग्रह असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात गाडी नेऊन तिथे झडती द्यायला तयार आहोत असे सांगायचे. शंका राहिली तर ११२ वर फोन लावून खात्री करून घ्यायची.

परवाना जवळ नसेल किंवा दाखवला नाही, तर पोलीस नाव-पत्ता विचारून शस्त्र जप्त करू शकतात. नाव सांगायला नकार दिला किंवा खोटे सांगितले असे वाटले तर अटक होऊ शकते. शस्त्र जप्त झाले तर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

९. राज्याची हद्द आणि रात्रीचा मुक्काम

कोल्हापूरहून निपाणी, सावंतवाडीहून पेडणे, पालघरहून गुजरात, सोलापूरहून विजयपूर. रस्ता तोच असतो, भाषा थोडी बदलते, पण महाराष्ट्रापुरता परवाना त्या कमानीपाशी संपतो. दहा किलोमीटर आत जाऊन रोकड देऊन लगेच परत यायचे असले तरीही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत यासाठीच लिहिले आहे की आंतरराज्य फेरी असेल तर हद्दीवर सुरक्षा रक्षक बदलण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. एजन्सीने ती केली नसेल तर तुम्ही हद्दीवर उतरायचे आणि बंदूक घेऊन उतरायचे. ‘बंदूक राहू दे गाडीत, पलीकडचा माणूस घेईल’ हे कधीही मान्य करू नका. ज्यांना नियमित गोवा-कर्नाटकात जावे लागते त्यांनी क्षेत्रवाढीचा अर्ज वेळेत करावा.

रात्री मुक्काम करायची वेळ आली तर व्हॅन पोलीस ठाण्याच्या आवारातच लावायची, असेही त्याच सूचनांत आहे. पेट्रोल पंप, लॉजचे पार्किंग, ओळखीच्याचा वाडा, काही नाही. ठाणे अंमलदाराला सांगून स्टेशन डायरीत नोंद करून घ्या.

१०. सण, मोर्चे, निवडणुका

वर्तमानपत्रात ‘जिल्ह्यात ३७ (१) (३) लागू’ अशी बातमी वाचली असेल. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मधले हे कलम. गणपती, मोहरम, परीक्षा, आंदोलने यांच्या वेळी पंधरा-पंधरा दिवसांसाठी हा आदेश निघतो आणि त्यात शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते. बहुतेक आदेशांत, ज्यांना वरिष्ठांच्या आदेशाने कर्तव्यासाठी हत्यार बाळगावे लागते त्यांना सूट असे वाक्य असते. पण शब्द दरवेळी सारखे नसतात, आणि सूट कर्तव्यावर असतानाची असते. सुट्टीत गावी जाताना ती लागू होत नाही. आदेशाची प्रत एजन्सीने मिळवून व्हॅनमध्ये ठेवायला हवी. ठेवत नसेल तर मागा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. कोणाचे शस्त्र जमा करायचे आणि कोणाला सवलत द्यायची हे जिल्ह्याची स्क्रीनिंग कमिटी ठरवते. बँकेच्या आणि रोकड वाहतुकीच्या रक्षकांना सवलत मिळू शकते, पण अर्ज केला तर. बँकेचे पत्र, एजन्सीचे पत्र आणि परवान्याची प्रत लावून पहिल्या दोन-तीन दिवसांतच अर्ज द्या. उत्तर येईपर्यंत नोटीस पाळा, बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा आणि पावती सांभाळा. ‘माझी तर बँकेची ड्युटी आहे’ म्हणून घरी ठेवून दिलेली बंदूक हा आचारसंहितेच्या काळात हकनाक ओढवलेला गुन्हा ठरतो.

११. ट्रक, टेम्पो, टॅक्सीवाल्यांसाठी

तुमच्या स्वतःच्या नावावर परवाना असेल तर स्वतःच्या संरक्षणासाठी गाडी चालवताना शस्त्र सोबत ठेवता येते, क्षेत्र, मुदत आणि झाकून ठेवण्याचे वरचे नियम पाळून. शस्त्र अंगावर ठेवा. डॅशबोर्डच्या खणात ठेवून गाडी क्लीनरच्या हवाली केली की तो अडकतो. बंदर, रिफायनरी, विमानतळाचा कार्गो विभाग अशा ठिकाणी गेटवर आधी सांगा आणि तिथले नियम पाळा. मालकाच्या नावावरची बंदूक ड्रायव्हरने लांबच्या फेरीत न्यायची नाही, मालक शेजारी बसलेला नसेल तर मुळीच नाही.

केबिनमधली तलवार, गुप्ती, मोठा सुरा यांनाही ‘ते काय, हत्यार थोडेच’ समजू नका. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरकामाचे किंवा शेतीचे नसलेले हत्यार शस्त्र कायद्याच्या यादीत येते, आणि शस्त्रबंदी लागू असेल तर गुन्हा दाखल होतो. टायरसाठी टॉमी आणि पान्हे पुरेत.

भाड्याच्या मालात शस्त्र किंवा दारूगोळा असल्याचा संशय आला तर? कलम ३६ प्रमाणे वाहनावर काम करणाऱ्या प्रत्येकावर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवण्याची जबाबदारी आहे. बिल्टीवर ‘मशिनरी पार्ट’ लिहिलेले, लांबट, वजनाने विचित्र खोके असेल आणि पाठवणारा उघडून दाखवायला तयार नसेल, तर भाडे सोडा आणि ठाण्यात जा. कळवणारा सुटतो, गप्प बसणारा नंतर आरोपींच्या यादीत दिसतो. रीतसर शस्त्रांची मालवाहतूक करायची असेल तर तिला स्वतंत्र परवाना लागतो. तो पाठवणाऱ्याकडून घेतल्याशिवाय माल भरू नका.

१२. गोळी झाडावी लागली, किंवा बंदूक हरवली

खाजगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. दरोडा पडत असताना तो हक्क बराच विस्तारतो, पण कलम ३७ ची मर्यादा कायम राहते: बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची नाही. पळून चाललेल्या, हातात काही नसलेल्या माणसावर पाठीमागून गोळी झाडली तर बचाव सिद्ध करणे फार अवघड जाते. पैशांचा विमा असतो. तुमच्यावर खुनाचा गुन्हा लागला तर त्याला विमा नसतो.

गोळी झाडली गेली, चुकून झाडली गेली तरी, बंदूक रिकामी करा, नळकांडी जिथे पडली तिथेच राहू द्या, कोणालाही हात लावू देऊ नका. जखमी असेल तर आधी १०८ ला फोन, मग ११२. त्यानंतर एजन्सी. पंचनाम्याच्या वेळी किती काडतुसे घेऊन निघालात आणि किती उरली हे ड्युटी स्लिपवरून सांगता आले पाहिजे. म्हणूनच सकाळी संख्या लिहून सही घ्यायची असते.

बंदूक किंवा परवाना हरवला, चोरीला गेला, तर त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात तक्रार द्या, मग परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवा. ‘दोन दिवस शोधून बघू’ म्हणून थांबू नका. ती बंदूक दोन दिवसांत कुठे वापरली गेली, तर नंबर तुमच्या नावावर निघतो आणि उशीर का केला याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. तक्रारीत बंदुकीचा नंबर, बोअर, बनवणारी कंपनी, काडतुसांची संख्या आणि शेवटची कुठे होती ती वेळ लिहा. पोच दोन प्रतींत घ्या: एक एजन्सीला, एक गृह शाखेला जाणाऱ्या अर्जासोबत.